न सांगणं म्हणजे खोटं सांगणं काय?

एखाद्या माणसानं दोन तासांत एकही वाक्य खोटं उच्चारलं नाही आणि तरीही तो खोटं बोलला, असं म्हणता येईल काय? प्रश्न पोथीतला वाटेल. पण तो पोथीतला नाही. तो नाशिकच्या गंगेवर उघड्यावर पडलेला आहे. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं त्याला ओलांडून जातात आणि पुढं मिसळ खायला बसतात.

गोदावरी म्हणायला गोदावरी. नाशिकचा माणूस तिला गंगाच म्हणतो. या गंगेच्या दोन्ही काठांनी जुनं गाव फिरवून दाखवायची आता चाल पडली आहे. तिला हेरिटेज वॉक म्हणतात. फी भरायची, पांढरे बूट घालायचे, पाण्याची बाटली घ्यायची आणि पुढं चालणाऱ्या पोराच्या मागं चालत सुटायचं. पोरगा सांगतो, आपण ऐकायचं. मीही अशा एका फेरीत चाललो. फिरवणारा पोरगा मोठा गोड होता. कुठल्या संस्थेचा, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. संस्था बदलली तरी फेरी तीच राहते, म्हणून तर लिहितो आहे.

त्यानं काय काय दाखवलं? आधी जुन्या गावातल्या विजयानंद थिएटरची गोष्ट सांगितली. २१ डिसेंबर १९०९ ला तिथं अनंत कान्हेऱ्यानं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. मग सरकारवाडा, सराफ बाजार, तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकानं. मग नदी. दुतोंड्या मारुती. पूर आला की नाशिककर पाणी मोजतो ते या मारुतीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मग नारोशंकराचं देऊळ आणि त्याची ती घंटा, वसईच्या विजयाची खूण. मग रामकुंड. मग कपालेश्वर, जिथं महादेवापुढं नंदी नाही. मग काळाराम. मग सीतागुंफा. मग मिसळ.

पोरानं यात काही खोटं सांगितलं नाही. सनावळी पाठ होती. बोलणं रसाळ होतं. मला त्याचं कौतुकच वाटलं. पण त्याच्या दोन शब्दांनी मला खिळवून ठेवलं. एक शब्द तो रामकुंडावर बोलला, एक काळारामाच्या दारात. ते दोन शब्द म्हणजे ‘सर्व’ आणि ‘झालं’.

रामकुंडावर तो म्हणाला, “शेकडो वर्षांपासून सर्व जातिधर्माचे लोक इथं येतात, सर्वांना ही गंगा सामावून घेते.”

काळारामाच्या दारात तो म्हणाला, “१९३० साली डॉक्टर आंबेडकरांनी इथं सत्याग्रह केला आणि पुढं हे मंदिर सर्वांसाठी खुलं झालं. चला, आता आपण दगडाचं काम बघू.”

बस. एवढंच. या दोन वाक्यांवर मी इतकी पानं का खर्चतो आहे, ते आता सांगतो.

आधी ‘सर्व’ घेऊ. मराठीत या शब्दाइतका लबाड शब्द नसेल. गावचा पाटील म्हणायचा, सर्व गाव जेवून गेलं. त्या सर्व गावात महारवाडा नव्हता. मांगवाडा नव्हता. चांभारवाडा नव्हता. पंगत उठल्यावर जे उष्टं मागायला उभे होते ते गावात धरलेच नव्हते. पाटील खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यातलं सर्व तेवढंच होतं. गावकुसाच्या आत जेवढं मावतं तेवढं सर्व. रामकुंडाचंही तसंच. तिथं देशभरातून माणसं अस्थी घेऊन येतात. मेलेल्या माणसाची राख त्या पाण्यात चालायची. पण अस्पृश्य म्हणून शिक्का मारलेल्या जित्या माणसानं त्यात पाय बुडवायचा नव्हता. मग शेकडो वर्षं सामावून घेतलं ते कुणाला?

पाण्यानं कुणाला अडवलं नाही हे मी कबूल करतो. पूर येतो तेव्हा पाणी देवळातही शिरतं आणि वस्तीतही शिरतं. दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागताना ते जात विचारत नाही. अडवणारी माणसं होती. म्हणून गंगेनं सामावून घेतलं असं म्हणायचं आणि माणसांचं नावच काढायचं नाही, ही पहिली चलाखी. नदीचा चांगुलपणा माणसांच्या खात्यावर जमा करायचा.

आता ‘झालं’. मंदिर खुलं झालं. पाऊस झाला. सकाळ झाली. तसंच मंदिर खुलं झालं. म्हणजे कुणी बंद केलं नव्हतं आणि कुणी उघडलं नाही. फळ पिकतं तसं दार पिकलं आणि गळून पडलं. मराठीत ‘करणं’ आणि ‘होणं’ असे दोन धातू आहेत, आणि ज्यांना हात लपवायचे असतात ते नेहमी दुसरा धरतात. बहिष्कार झाला. अत्याचार झाला. वस्ती जळाली. करणारा कुठं आहे? व्याकरणात तरी तो सापडत नाही.

म्हणून आपण नीट सांगू. करणाऱ्यांसकट सांगू.

२ मार्च १९३०, रविवार. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नाशकात परिषद भरली आणि तिथून मोर्चा निघाला. सुमारे पंधरा हजार माणूस. जवळपास मैलभर लांब रांग. पुढं बँड. बायांच्या तुकड्या वेगळ्या. खेड्यापाड्यातून, भाकरी बांधून, पायी आलेली माणसं. मोर्चा काळारामाच्या दाराशी आला. दारं बंद केलेली होती. ती आपोआप बंद झाली नव्हती. मंदिराच्या कारभाऱ्यांनी आणि शहरातल्या सनातन्यांनी ती बंद केली होती. आणि सरकारचे अधिकारी व पोलीस बंदोबस्ताला उभे होते. मोर्चा परत फिरला आणि गंगेच्या घाटावर गेला. तिथं सभा भरली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी मंदिराच्या चार दारांवर बसली. त्यात सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया.

मग ९ एप्रिल आला. रामाच्या रथाचा दिवस. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ठरलेलं मोडून रथ पळवला गेला. दगड पडले. डोकी फुटली. आणि शहरात जे घडलं त्याची किंमत खेड्यांनी मोजली. आमच्या पोरांना शाळा बंद केल्या, दुकानातून मीठमिरची मिळेना, रस्ते बंद केले. रस्ते. हा शब्द ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याच्यावर येणार आहे.

दादासाहेब गायकवाडांनी ही लढाई वर्षानुवर्षं चालवली. माणसं तुरुंगात गेली. १९३५ सालापर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून जास्त, हे चाललं. आणि दार? दार उघडलं नाही. सत्याग्रहानं दार उघडलं हे वाक्यच खरं नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की आपल्या लोकांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून मी हे आंदोलन उभं केलं नव्हतं, त्यांना हलवून जागं करायला केलं होतं, आणि ते काम झालेलं आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दार उघडलं ते १९४७ साली, मुंबई इलाख्यात मंदिर प्रवेशाचा कायदा आला तेव्हा. म्हणजे माणसांच्या मनानं उघडलं नाही, कायद्यानं उघडायला लावलं. आणि तोवर ज्यांना आत जायचं होतं त्यांची वाट दुसरीकडं वळली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपूरला पोचली.

हे सगळं ‘खुलं झालं’ या दोन शब्दांत बसवता येतं काय? बसवलं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय शिल्लक राहतं? एक थोर पुढारी आला, त्यानं मागणी केली, समाजानं ऐकली, दार उघडलं, सगळे सुखी झाले. घडलं ते याच्या बरोबर उलटं. मागणी केली, समाजानं दगड मारले, दार उघडलं नाही, माणसं धर्मच सोडून गेली. वाक्य लहान केलं म्हणून अर्थ लहान झाला असता तर माझी तक्रार नव्हती. अर्थ उलटा झाला.

मी पोराला तिथंच विचारलं, “भाऊ, खुलं झालं म्हणजे कुणी केलं?”

तो थांबला. चिडला नाही. म्हणाला, “काका, दोन तासच असतात हो. सगळं कसं सांगणार? आणि लोक सुट्टीचे येतात. त्यांना वाईट वाटेल असं कशाला?”

या पोरावर मला राग धरायचा नाही. तो पोटासाठी चालतो. त्याच्या हातात दिलेला कागद त्यानं लिहिलेला नाही. पण त्याच्या तोंडून तीन सबबी निघाल्या, आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या सगळ्या सबबी या तिनांतच येतात. तेव्हा त्या तिन्ही नीट तपासू.

पहिली सबब. वेळ नाही, सगळं सांगता येत नाही. हे खरं आहे. कुणालाच सगळं सांगता येत नाही. मीही इथं सगळं सांगत नाही. सांगणं म्हणजे निवडणं. मग प्रत्येक निवड खोटी काय? नाही. इथं आपल्याला कसोटी पाहिजे. ती पोथीत सापडणार नाही, बाजारात सापडेल. म्हशीच्या बाजारात एकजण म्हैस विकतो. सांगतो, वय कमी आहे, दात मोजून घ्या. दुसऱ्या वेताची आहे. चारा मिळेल तो खाते. सगळं खरं. एक सड आटलेला आहे, तेवढं सांगत नाही. घेणारा घरी जातो, धार काढायला बसतो आणि कपाळावर हात मारतो. आता हा विकणारा म्हणाला की मी एकही शब्द खोटा बोललो नाही, तर बाजारातला कुठला माणूस ते मान्य करील? पण त्यानं म्हशीच्या आजीचं नाव सांगितलं नाही म्हणून त्याला कुणी लबाड म्हणणार नाही. फरक कुठं आहे? न सांगितलेल्या गोष्टीनं सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ फिरतो की नाही, इथं आहे. ज्यानं अर्थ फिरत नाही ते सोडलं तर चालेल. ज्यानं अर्थ फिरतो ते सोडलं, आणि ते ठाऊक असून सोडलं, तर ते खोटंच.

ही कसोटी फेरीला लावा. सराफ बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या मालकाचं नाव सांगितलं नाही, चालेल. काळारामाच्या दगडी कामाची दहा मिनिटं पाच केली, चालेल. पण कुंड दाखवून ‘सर्व’ म्हणालात आणि ते कुणाला बंद होतं ते सांगितलं नाहीत, तर कुंडाचा अर्थ फिरला. हा आटलेला सड आहे. आणि वेळेचं म्हणाल तर, “हा घाट सर्वांचा नव्हता” हे वाक्य “हा घाट सर्वांचा आहे” या वाक्याहून फार लांब नाही. मोजून बघा. दोन तास कमी पडतात ते काही वाक्यांनाच का कमी पडतात?

दुसरी सबब. लोकांना वाईट वाटेल. कोणत्या लोकांना? त्या वीस-पंचवीस माणसांत मी होतो. माझ्यासारखे आणखीही असतील, कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं. ‘सर्व’ ऐकून आम्हाला काय वाटलं असेल, याचा हिशेब कागद लिहिणाऱ्यानं केलेला नाही. म्हणजे ‘लोक’ हाही शब्द ‘सर्व’सारखाच निघाला. शिवाय दुसरी एक गंमत आहे. जॅक्सनच्या खुनाची गोष्ट सांगताना कुणाला वाईट वाटेल असं पोरगा म्हणाला नाही. तिथं गोळ्या आहेत, रक्त आहे, फाशी आहे. ते चालतं. कारण तिथं मारणारा आपला आणि मरणारा परका. रथाच्या दिवशीचा दगड मात्र चालत नाही. कारण तिथं मारणाराही नाशिकचा आणि मार खाणाराही नाशिकचा. रक्ताची भीती कुणाला नाही. भीती आहे ती आपल्याच घरातल्या हाताची.

तिसरी सबब त्या पोरानं उघड म्हटली नाही, पण फेरीतले एक गृहस्थ मागून म्हणाले. “झालं गेलं, आता कशाला उकरायचं?” मला हसू आलं. अहो, आपण पैसे भरून उकरायलाच आलो आहोत. दोन तास दुसरं काय करतो आहोत? पेशव्यांच्या सरदारानं बांधलेलं देऊळ उकरलं तर तो वारसा. वसईच्या विजयाची घंटा उकरली तर तो अभिमान. बंद केलेलं दार उकरलं की तेवढं मात्र उकरणं. भूतकाळ विकत घ्यायला आलात तर पुरता घ्या.

माझ्या बोलण्यानं फेरी वीस मिनिटं खोळंबली. काहींनी मोबाइल काढले. एका तरुण बाईनं मात्र विचारलं, “त्या पंचवीस जणी कोण होत्या?” मी तिला माझ्या आजीचं सांगितलं. आजी त्या पंचविसांतली नव्हती. मोर्चात मात्र होती, कोवळ्या वयाची. मी लहानपणी तिला विचारायचो, तू रामाचं दार बघितलंस का गं? ती म्हणायची, “न्हाई बाबा. येवढ्या मानसांत कुठलं दार दिसतंय? म्या चालले तेवढं ध्येनात हाय. मधून चालले, रस्त्याच्या मधून.”

आजीचं हे बोलणं मला म्हातारपणी कळायला लागलं. आता त्या ‘रस्ते’ शब्दावर येतो.

हेरिटेज वॉक. वॉक म्हणजे चालणं. वीस माणसं भर रस्त्यातून चालतात, वाटलं तिथं थांबतात, वर मान करून वाड्याची लाकडी नक्षी बघतात, देवळाच्या पायरीवर बसतात. चालण्यात काय विशेष, असं त्यांना वाटतं. ज्यांच्या आजापणजांना रस्त्यात हाळी देत, कडेकडेनं, सावली चुकवत चालावं लागलं त्यांना विचारा. अंगणात थांबायचं नाही, ओट्यावर टेकायचं नाही, मान वर करायची नाही. आमच्या लोकांच्या लढाया बघा. त्यातल्या कितीतरी नुसत्या चालण्याच्या लढाया आहेत. २० मार्च १९२७ ला महाडला काय केलं? चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. नाशकात काय केलं? एका दारापर्यंत चालत गेले. २ मार्च १९३० चा तो मोर्चा ही या गावातली फार मोठी फेरी होती. पंधरा हजार माणसांनी गाव पायाखाली घातलं आणि घाटावर जाऊन बसले. गाव कुणाचं आहे हे त्या दिवशी पायांनी विचारलं.

त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्च १९३० ला, साबरमतीहून दांडीकडं गांधीजी चालत निघाले. त्या चालण्याचा मुक्काम न् मुक्काम देशाला पाठ आहे. असावा. मिठासाठी चालले, परक्या सरकारविरुद्ध चालले. पण त्याच महिन्यात, त्याच देशात, पाण्यामातीसाठी आणि माणूसपणासाठी मैलभर चाललेली रांग दोन शब्दांत ‘झालं’ होऊन जाते. एक चालणं इतिहास आणि दुसरं चालणं तळटीप, हे कुणी ठरवलं?

२६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या घटनेचं १५ वं कलम काढून बघा. त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवायचं नाही अशी जी ठिकाणं सांगितली आहेत त्यात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानाचे घाट आहेत आणि रस्ते आहेत. जगाला नवल वाटेल, एका देशाला आपल्या घटनेत घाटाचं आणि रस्त्याचं नाव का लिहावं लागलं? ज्यांना ते लिहावं लागलं त्यांच्या डोळ्यांपुढं कुठले घाट, कुठले रस्ते असतील? त्या कलमावर बोट ठेवून उभं राहायचं तर रामकुंडाच्या पायरीसारखी जागा नाही. तिथं कुणी थांबून हे वाचून दाखवत नाही.

आता आपल्याच मंडळींकडून येणारा एक सवाल आहे, आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. आपले कार्यकर्ते म्हणतात, “ज्या देवळाला बाबासाहेबांनी लाथाडलं त्याच्या दारातल्या फेरीत आपलं नाव का येत नाही म्हणून तुम्ही रडता? आपण बुद्धाकडं गेलो. त्यांचा राम त्यांना लखलाभ. आपलं नाव घेण्याची भीक कशाला?”

सवाल खरा आहे. पण यात दोन गोष्टींची गल्लत आहे. देव सोडला, गाव सोडलं नाही. मूर्तीवरचा हक्क आपण टाकून दिला, पण रस्त्यावरचा, नदीवरचा, गावाच्या आठवणीवरचा हक्क टाकून दिलेला नाही. नाशकात रामाइतकीच आपल्या घामाचीही वस्ती आहे. आणि आपलं नाव घ्या असं मी म्हणत नाही. त्यांचं नाव घ्या असं म्हणतो. दार बंद करणाऱ्यांचं. ‘झालं’च्या जागी ‘केलं’ म्हणा. ही भीक नाही, हिशेब आहे. हिशेबात जमा आम्ही लिहा म्हणत नाही, नावे कुणाच्या ते लिहा म्हणतो.

आणि बुद्धाचं म्हणाल, तर तिथंही तेच. गावापासून आठेक किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात लेणी आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची, भिक्षूंसाठी कोरलेली. तिथल्या लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडं आपण तीन हजार कार्षापण ठेव ठेवली, दोन हजार एकीकडं, एक हजार दुसरीकडं, आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवराचा खर्च चालावा. राजाचा जावई हातमाग चालवणाऱ्यांवर विश्वास टाकतो आणि ते दगडात कोरून ठेवतो. कष्टकऱ्यांचं नाव दगडावर येऊ शकतं याचा यापेक्षा पक्का पुरावा कुठला पाहिजे? आणि या लेण्यांना गाव काय म्हणतं? पांडवलेणी. पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाही. हेही ‘झालं’च. नाव पडलं. कुणी पाडलं ते विचारायचं नाही. फेरीत लेणी नसतात, कारण म्हणे चालत जाण्यासारखं अंतर नाही. मान्य. पण घाटावर उभं राहून नुसतं हात करून दाखवायला किती अंतर लागतं? गावाचा इतिहास रामापासून सुरू करायचा आणि त्रिरश्मीला वेगळ्या बसचं तिकीट काढायचं, ही निवडही तपासली पाहिजे.

आता शेवटची आणि कडू गोष्ट. कसोटी काढली की ती दुसऱ्याच्याच पाठीवर मारायची नसते. उद्या आपल्या पोरांनी आपली फेरी काढली, आणि काढावीच, तर तीच कसोटी तिला लागेल. आपल्या फेरीत बाबासाहेब असतील, दादासाहेब असतील. त्या पंचवीस बाया असतील का? की त्याही ‘सत्याग्रही’ या शब्दात गडप होतील, जसे आपण ‘सर्वां’त झालो? खेड्यात ज्यांच्या चुली दुकानबंदीनं विझल्या त्या असतील का? आणि आज पहाटे, फेरी सुरू व्हायच्या आधी, हाच घाट झाडून, निर्माल्य उचलून, गटार उपसून जे घरी गेले ते कुठल्या जातींचे आहेत, हे आपली फेरी सांगेल का? कुंभमेळ्यात लाखो माणसं येतात. त्यांची घाण उचलणारे हातही कुठून तरी येतात. हातानं मैला साफ करायला लावणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण झाडू कुणाच्या घरात पिढ्यानुपिढ्या राहतो हे कायद्यानं बदललेलं नाही. आपल्यातलाही एखादा शिकून वर गेला की त्या घरांकडं बघत नाही. ते सोडून आपली फेरी ‘बहुजन’ म्हणाली, तर तो ‘बहुजन’ही आटलेल्या सडाचाच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. न सांगणं दर वेळी खोटं नसतं. ज्यानं अर्थ उलटतो ते जाणूनबुजून न सांगणं खोटं असतं. त्या खोट्याचा वाटा नोकरी करणाऱ्या पोराकडं थोडा, कागद लिहिणाऱ्याकडं जास्त, आणि ठाऊक असून मागं गुपचूप चालणाऱ्याकडंही आहे. ठाऊक असलेल्या माणसानं फेरीत तोंड उघडावं. भांडायला नको. नुसतं विचारावं, “सर्व म्हणजे कोण? झालं म्हणजे कुणी केलं?” हे दोन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, संघटना लागत नाही, फंडही लागत नाही. सकाळी लवकर उठावं लागतं आणि लोकांच्या कपाळावरच्या आठ्या सोसाव्या लागतात.

वस्तीतल्या मास्तरांना एक सांगणं आहे. शाळेच्या सहली येतात, पोरं रामकुंड बघतात, भेळ खातात आणि परत जातात. या खेपेला पोरांना काळारामाच्या पूर्वेकडच्या दाराशी पाच मिनिटं उभं करा. २ मार्च १९३० ही तारीख सांगा. दार कुणी लावलं ते सांगा, कुणी उघडलं नाही तेही सांगा, आणि शेवटी उघडलं ते कायद्यानं, हे सांगा. मग पोरांना तिथून घाटापर्यंत चालत न्या, त्या मोर्चाच्या वाटेनं. कडेनं नका नेऊ. रस्त्याच्या मधून न्या.